हसत गेली

बत्तिशीकाकांचा आणि नाटकाचा संबंध आला होता तो एकदाच. एका म्हाताऱ्या नटाची कवळी प्रयोगाच्या सकाळी तुटली होती आणि काकांनी ती दुपारपर्यंत जोडून दिली होती. नटानं खूश होऊन दोन पास देऊ केले, तर काका म्हणाले, "पास राहू द्या. स नीट म्हणा म्हणजे झालं."

कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा. दातांचे डॉक्टर माप पाठवायचे. काका त्यावरून प्लास्टरचा साचा ओतायचे, मेणात एकेक दात बसवायचे, घासूनपुसून चकचकीत करायचे आणि तयार झालेली कवळी पाण्याच्या वाडग्यात घालून खिडकीशेजारच्या फळीवर ठेवायचे. घराची पुढची खोली हाच कारखाना. रस्त्यानं जाणाऱ्याला खिडकीतून काचेच्या वाडग्यांची रांग दिसायची आणि प्रत्येक वाडग्यात कुणाचं तरी हसू बुडालेलं. कुणीतरी नाव पाडलं बत्तिशी, आणि वयाबरोबर त्याला काका चिकटलं. काकांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. दुरुस्तीची कवळी पुन्हा बसवली की ते समोरच्याला म्हणायला लावत, "सासूबाई साठ सशांना सरबत पाजतात." स शीळ न घालता बाहेर पडला की कवळी पास. भलेभले पोक्त लोक खुर्चीत ताठ बसून सशांना सरबत पाजायचे. पण काका स्वतः कधी हसायचे नाहीत. कामात थट्टा त्यांना खपत नसे.

असा माणूस नाटकाला गेला तो काकूंच्या हट्टापायी. काकूंच्या बहिणीचा मुलगा नाटकं लिहायचा. लहानपणी सुट्ट्यांमध्ये तो इथंच पडीक असायचा आणि मोठा झाल्यावरही आठवड्याला एक चक्कर टाकून मावशीच्या हातचं जेवून जायचा. त्याचं नवं नाटक लागलं होतं. दुपारचा प्रयोग, दोन पास, तेही तिसऱ्या रांगेतले.

"विनोदी आहे," काकू म्हणाल्या. "पण मेलेल्या माणसावरचं."

"मेलेल्यात कसला आलाय विनोद?"

"या तर खरं. सदा नाकासमोर बघून चालता तुम्ही. एक दिवस हसलात तर काय बिघडणार आहे?"

बसमध्ये काकू जरा चुळबुळ करत होत्या. दोनदा काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा "काही नाही" म्हणून मिटलं. काकांना वाटलं, भाच्याच्या नाटकाची धाकधूक असेल.

पडदा वर गेला. रंगमंचावर एक साधी खोली, मधोमध पलंग आणि पलंगावर एक म्हातारी मरून पडलेली. मेलेली नटी इतकी मन लावून मेली होती की प्रेक्षक तिथंच खुसखुसायला लागले. उजवीकडे खिडकी होती. खिडकीशेजारी फळी होती आणि फळीवर वाडगे होते, ओळीनं.

काकांना आधी आनंदच झाला. खोटं कशाला बोला, चांगलं गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. त्यांनी काकूंना कोपरानं ढोसलं. "अगं, हा आपला कारखाना! लेकानं बघून ठेवला होता सगळा." काकूंनी फक्त मान हलवली. त्या समोर बघत होत्या.

मग मेलेल्या बाईची मुलगी रंगमंचावर आली. हुंदका आवरून ती भावाला म्हणाली, "आईला अशी बोळक्या तोंडानं नको रे पाठवू. तिचे दात घाल."

काकांची दातखीळच बसली. हे वाक्य त्यांनी आयुष्यात एकदा ऐकलं होतं. त्यांच्या ताईच्या तोंडून, शब्द न् शब्द हेच.

त्यांची स्वतःची आई गेली त्याला आता तीसेक वर्षं झाली होती. बरेच दिवस अंथरुणाला खिळून ती एका पहाटे गेली. आजारपणात तिची हिरडी झिजली होती, कवळी सैल झाली होती, म्हणून काकांनी ती नीट करायला फळीवरच्या वाडग्यात ठेवली होती. ताईनं सांगितल्यावर ते पुढच्या खोलीत गेले. डोळ्यांत पाणी, बाहेर माणसं खोळंबलेली. हाताला लागला तो वाडगा त्यांनी उचलला. परक्या माणसाचं तोंड असतं तर बोट लावताच चूक कळली असती. पण आईच्या ओठांआड बोटं घालताना त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले होते. डोळे उघडले तर आईचा वरचा ओठ उचलला गेला होता, दात दिसत होते आणि जन्मभर आंबट चेहऱ्यानं वावरलेली आई चक्क हसत होती.

"बघ," ताई म्हणाली होती, "आई हसत गेली."

ही ताई आणि आई कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. ताईनं स्वतःच्या मनानं लग्न केलं, तेव्हापासून आईनं तिच्याकडे बघणंही सोडलं होतं. शेवटच्या आजारात ताई येऊन उशाशी बसायची आणि आई भिंतीकडे तोंड करायची. त्यामुळे ते हसू ताईनं स्वतःसाठी ठेवून घेतलं. आईनं मला माफ केलं, असं ती पुढं सगळ्यांना सांगायची. सांगताना तिचा चेहरा असा काही उजळायचा की ऐकणाऱ्याचेही डोळे भरून यायचे.

त्यानंतरच्या आठवड्यात एक निवृत्त हेडमास्तर दुरुस्तीला टाकलेली कवळी न्यायला आले. काकांनी वाडग्यातली कवळी काढली, पुसली, त्यांच्या तोंडात बसवली आणि म्हणाले, "म्हणा." हेडमास्तरांनी सासूबाईंना साठ सशांपर्यंत नेलं आणि प्रत्येक स शीळ घालत बाहेर आला. "हे माझे नव्हेत," ते म्हणाले. काकांनी वाकून पाहिलं. हेडमास्तरांच्या मिशीखालून आईचे दात त्यांच्याकडे बघत होते.

हेडमास्तरांचे दात घालून आई केव्हाच पुढं गेली होती.

काकांनी थाप मारली. तुमची कवळी हातातून पडून फुटली, नवी फुकट करून देतो म्हणाले. करूनही दिली. हेडमास्तर जिवंत असेपर्यंत म्हणत राहिले की आधीचीच बरी होती. ताईला मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. गेल्या वर्षी ताई गेली, तीही आईनं माफ केलंय याच समाधानात. ही गोष्ट या जगात काकांखेरीज एकाच माणसाला माहीत होती आणि ते माणूस आत्ता त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलं होतं.

रंगमंचावर आता हेडमास्तर आले होते. भाच्यानं ही भर स्वतःच्या डोक्यानं घातली होती. नाटकातले हेडमास्तर अंत्यविधीलाच हजर होते. ते मृत बाईंजवळ गेले आणि खाली वाकून बघत राहिले. बघतच राहिले. सगळ्यांना वाटलं, काय हा जिव्हाळा! कुणी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला, कुणी खुर्ची दिली. शेवटी ते बोळक्या तोंडानं अगदी अदबीनं बोलले, "वेळ योग्य नाही याची मला जाणीव आहे. पण बाई माझे दात घालून निघाल्यात."

नाट्यगृह हशानं फुटलं. मागच्या रांगेतला एक गृहस्थ खुर्चीचा हात बडवायला लागला.

"काहीतरीच काय!" रंगमंचावरची मुलगी ओरडली. "बघा, आई हसतेय माझी!"

"बाई हसत नाहीयेत," हेडमास्तर म्हणाले. "तो मी हसतोय."

त्यानंतर कितीतरी वेळ नटांना पुढचं वाक्यच घेता येईना. लोक डोळे पुसत होते. उघड्या तोंडांची ती रांगच्या रांग, खरे दात, खोटे दात, सोन्यानं मढवलेले, पानानं रंगलेले, सगळे काकांच्या आईला हसत होते. काका खुर्चीत खिळले होते. राग त्यांना अजून यायचा होता. आधी नुसती लाज वाटत होती, भर रस्त्यात कुणी अंगावरचे कपडे ओढून काढावेत तशी. हिनं सांगितलं. मी हिला सांगितलं आणि हिनं त्याला सांगितलं, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात दोघांच्या मधला खुर्चीचा हात थरथरायला लागला. काकांनी वळून पाहिलं. काकूंनी मान पार खाली घातली होती. रुमाल तोंडात कोंबला होता. आवाज अजिबात नव्हता, पण खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. काकांना क्षणभर बरं वाटलं. हिला पस्तावा झाला, रडतेय बिचारी. त्यांनी हात पुढं केला. तेव्हा काकूंनी श्वास घ्यायला तोंड वर केलं आणि काकांना दिसलं की त्या हसत होत्या.

हा हादरा त्यांच्या ओळखीचा होता. हाच, असाच, बिनआवाजाचा.

हेडमास्तर कवळी न्यायला येऊन गेले त्या दुपारी काकांनी कारखान्याचं दार आतून लावून घेतलं होतं आणि काकूंना बोलावून सगळं सांगितलं होतं. सांगतासांगता ते लहान मुलासारखे रडायला लागले. काकूंनी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. तोंडातून चकार शब्द नाही, पण सगळं अंग गदगदत होतं आणि शर्टाचा खांदा भिजून गेला. लग्नाला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. तोवरचा त्यांचा संसार म्हणजे 'वाढलंय' आणि 'येतो'. त्या दुपारी पहिल्यांदा काकांना वाटलं, ही आपली. आईनं जिला कधी एक गोड शब्द दिला नाही, ती आईसाठी ढसाढसा रडतेय! काकांचा स्वभावच पालटला. संध्याकाळी काम लवकर आटोपून ते तिच्याबरोबर फिरायला जाऊ लागले. मनातलं सगळं सांगू लागले. मित्र थट्टा करायचे की बायकोच्या मुठीत गेलास, तर काका म्हणायचे, "माझ्या दुःखात जे माणूस रडलं, त्याच्या मुठीत राहायला मला कसली लाज?"

नाटकाचा पुढचा अंक काकांनी पाहिला, पण त्यातलं त्यांना काही कळलं नाही. ते अंधारात बसून ती जुनी दुपार पुन्हा पुन्हा तपासत होते. खांदा भिजला होता हे खरं. आवाज नव्हता हेही खरं. पोट धरून हसणारी बायको त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. ती हसते कशी, हेच मुळी माहीत नाही, तर ओळखणार कसं?

प्रयोग संपला. टाळ्या थांबेनात. भाचा रंगमंचावर आला आणि त्यानं हात वर केला. "एक सांगायचं राहिलं. हे ज्यांच्या घरी घडलं ते माझे काका आणि मावशी इथं बसले आहेत. त्यांनी मोठ्या मनानं मला हे लिहू दिलं. काका, जरा उभे राहता?"

सगळ्या माना वळल्या. काका उभे राहिले. दुसरं काय करणार? चारी बाजूंनी टाळ्या पडत होत्या, म्हणून त्यांनी बत्तिशी दाखवली आणि पुन्हा खाली बसले.

बाहेरच्या गर्दीत एका बाईंनी त्यांना गाठलं. "काहो, खरंच झालं होतं असं?"

"माझी आई होती ती," काका म्हणाले.

बाईंना पुन्हा हसू फुटलं. "घराणंच विनोदी दिसतंय!" असं म्हणत त्या मैत्रिणीकडे पळाल्या.

भाचा धावत आला, घामाघूम, आनंदानं फुललेला. "काका, कसं वाटलं? तुम्ही स्वतःच लिही म्हणालात असं मावशीनं सांगितलं, तेव्हा मला धीर आला बघा."

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू पर्समध्ये बसची तिकिटं शोधायला लागल्या, जी अजून काढायचीच होती.

"वाडगे स्टीलचे होते," काका म्हणाले. "आपले काचेचे असतात. आतले दात दिसायला हवेत ना."

"बदलतो! पुढच्या प्रयोगाला बदलतो," भाचा म्हणाला. त्या पोराचा काही दोष नव्हता. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ते चालू लागले.

घरी आल्यावर काका थेट पुढच्या खोलीत जाऊन बसले. दिवा लावला, एक साचा घेतला आणि त्यावरचं मेण उगाच खरवडत राहिले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"रागावलात?"

काकांनी साचा हातात फिरवला.

"ताई होत्या तोवर मी ब्र काढला का? इतकी वर्षं मूग गिळून बसले. त्या गेल्या. म्हटलं, आता कुणाला लागणार आहे?"

"मी आहे ना अजून," काका म्हणाले.

काकांनी साचा खाली ठेवला.

"त्याचं राहू दे. तू लिहू दिलंस, माझं नाव पुढं केलंस, तेही राहू दे. मला एकच सांग. हेडमास्तर येऊन गेले त्या दुपारी, इथंच, या खुर्चीत मी रडत होतो. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं होतंस. तू काय करत होतीस?"

"काय म्हणजे?"

"रडत होतीस की हसत होतीस?"

काकूंनी चौकटीला हात टेकला. खोटं बोलायचं असतं तर ती वेळ होती, आणि एक खोटं पचवलेल्या माणसाला दुसरं जड नव्हतं. पण काकू खोटं बोलल्या नाहीत. कदाचित थकल्या असतील.

"हसत होते," त्या म्हणाल्या. "हेडमास्तरांच्या तोंडात तुमच्या आई, आणि आईंच्या तोंडात हेडमास्तर. मला आवरेचना हो. तुमच्यापासून तोंड लपवायला म्हणून खांद्यावर डोकं ठेवलं."

"आवाज नव्हता."

"आवाज कुठून येणार? या घरात आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी हसले, तर आई म्हणाल्या, दात आत ठेव, आमच्याकडे दात विकले जातात, दाखवले जात नाहीत. तेव्हापासून आवाज न करता हसायला शिकले. न्हाणीघरात जाऊन हसायचे मी. तुम्हाला कधी कळलं?"

काकांना कळलं नव्हतं. पण आत्ता त्यांना कुणाची कीव करायची नव्हती.

"मग त्याच वेळी का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. दुसऱ्या दिवशी सांगणार होते. पण सकाळी तुम्ही मला नावानं हाक मारलीत." काकूंनी पदर सारखा केला. "तोवर 'अगं' नाहीतर 'ऐकलंस का'. माझं नाव तुम्हाला ठाऊक तरी आहे का, असं वाटायचं मला. संध्याकाळी म्हणालात, चल, फिरून येऊ. मग मी काय सांगणार होते? त्या रडण्यावर तुम्ही मला एवढं दिलंत, आणि ते रडणं नव्हतंच, हे सांगू? माझी छाती झाली नाही."

"म्हणजे सगळं त्या हसण्यावर उभं आहे."

"बाकीची वर्षं खरी होती हो. मी तुमची दुखणी काढली, ताईंच्या वेळी तुमच्या बरोबरीनं जागले, ते काय खोटं होतं?"

काकांना माहीत होतं की ते खोटं नव्हतं. पण इमारतीचा पाया कच्चा निघाल्यावर वरचे मजले पक्के आहेत हे ऐकून कुणाचं समाधान होत नाही. त्यांना बायकोचा राग आला, आईचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या त्या भिजलेल्या खांद्याचा आला. तो खांदा त्यांनी इतकी वर्षं मनात जपला होता. फसवलं गेल्याचं दुःख एक वेळ सोसतं. पण ज्यानं फसवलं त्याच्याजवळच ते घेऊन जायची इतक्या वर्षांची सवय झालेली असते, तिचं काय करायचं?

ते पुन्हा साचा खरवडायला लागले. काकू आत गेल्या. थोड्या वेळानं चहाचा कप घेऊन परत आल्या.

"चहा आणलाय," त्या म्हणाल्या.

काकांनी वर पाहिलं नाही. "ठेवा तिथं," ते म्हणाले.

काकूंचा हात जागच्या जागी थांबला. इतक्या वर्षांत नवऱ्यानं त्यांना रागानं हाक मारली होती, लाडानं मारली होती, कधीकधी मारलीच नव्हती. पण तू सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. ठेवा तिथं, हे ते माप घेऊन येणाऱ्या परक्या माणसाला म्हणायचे. काकूंनी कप मेजाच्या कडेला ठेवला आणि त्या बाहेर निघून गेल्या.

त्या दिवसापासून बत्तिशीकाका बायकोला अहोजाहो करतात. "जेवून घ्या", "तुम्ही झोपा", "दार लावून घ्या". आवाज कधी चढत नाही. शेजारच्या बायका आपापल्या नवऱ्यांना ऐकवतात की शिका जरा, या वयातसुद्धा बायकोला केवढा मान देतात ते. काकू हे ऐकतात आणि मान खाली घालतात. त्यांचे खांदे हलतात, पण आवाज येत नाही.